गोलातल्या बाई

संध्याकाळच्या बातम्या लागल्या की टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यात एक गोल उघडतो आणि त्यात एक बाई हातांनी बोलत उभी असते. हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं आणि नीट कोणीच पाहिलेलं नसतं. उलट सामन्याचे गुण नेमके त्या गोलामागे जातात म्हणून लोक चरफडतात. आपल्या या बाई केस काळे होते तेव्हापासून त्या गोलात उभ्या होत्या. शहरात त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. भाजीवाल्यापासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत सगळे त्यांना ‘गोलातल्या बाई’ म्हणायचे, आणि बाईही ‘हो’ म्हणून वळायच्या.

त्यांचे आईवडील दोघंही बहिरे. वडील छापखान्यात होते. यंत्रांच्या खडखडाटात बहिरा माणूस बरा, त्याचे कान किटत नाहीत, असा तिथल्या मालकाचा हिशेब. धाकटा भाऊही बहिरा. घरात ऐकू येणाऱ्या बाई एकट्याच, आणि एखाद्या पोराला जन्मतः काही खोड असावी तसं सगळ्यांनी ते समजून घेतलं होतं. बोलायला शिकायच्या आधी त्या हातांनी बोलायला शिकल्या. मग शाळेत जायच्या वयात घराचं तोंड झाल्या. घरमालकाशी भांडायचं, दुकानदाराला दम द्यायचा, डॉक्टरला विचारायचं, सगळं बाईंच्या मार्फत. घरमालक वडिलांना जे घाणेरडं बोलायचा ते त्या जसंच्या तसं वडिलांना सांगायच्या, आणि वडिलांनी परत केलेली शिवीही फ्रॉकची बाही सावरत जशीच्या तशी घरमालकाच्या तोंडावर मारायच्या. घरमालक हबकायचा. एवढ्याशा पोरीच्या तोंडी ही भाषा! पण ती पोरीची भाषा नव्हतीच.

एकदा दवाखान्यात डॉक्टरांनी आईला तपासलं, हात धुतले आणि बाईंकडे वळून म्हणाले, “आईला सांग, बाळ पोटातच गेलंय.” बाईंनी सांगितलं. सौम्य करून सांगायचं कसं हे त्यांना माहीत नव्हतं. आईनं पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा सांगितलं. त्या दिवसापासून त्यांचा एक नियम झाला तो झाला. जे बोललं गेलं तेच सांगायचं, पदरचं जोडायचं नाही आणि नकोसं गाळायचं नाही. पुढे बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवताना, दुभाषे तयार करताना, टीव्हीवर उभं राहताना त्यांनी या नियमाला कधी धक्का लागू दिला नाही. त्यांना कोणी काही विचारलंच तर म्हणायच्या, “मी मधली. माझं त्यात काही नसतं.” लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्यालाही उत्तर तयार असायचं. “दिवसभर दुसऱ्यांचं बोलून घरी येते. घरी आल्यावर आणखी एकाचं कोण ऐकणार?”

त्या भावाकडेच राहायच्या. भाऊ फर्निचरला पॉलिश करायचा, वहिनी शिवणकाम करायची. तीही बहिरी, आणि त्यांची एकुलती एक मुलगी तीही. बहिऱ्यांचं घर शांत असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा यांच्याकडे जेवायला यावं. भांडी आदळतात, दारं आपटतात, खुर्च्या फरशीवरून फराफरा ओढल्या जातात. कोणाला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा, नाहीतर दिवा लावायचा-विझवायचा. वीज गेली की मात्र सगळ्यांची बोलती बंद.

यांच्यात कागदावरचं नाव कोणी वापरत नाही, प्रत्येकाची एक खूण असते. भावाची मुलगी जन्मली तेव्हा तिच्या हनुवटीवर खळी होती, म्हणून हनुवटीला बोट लावलं की तीच. आपणही तिला खळी म्हणू. बाईंनी तिला मांडीवर घेऊन पहिले शब्द शिकवले होते, आणि तिच्यावर त्यांचा जीव किती होता हे सांगायला दोन्ही हात पुरणार नाहीत. मोठी होऊन खळी सरकारी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात लागली. तिथंही तोच छापखान्यातला हिशेब, यंत्रांचा आवाज आणि बहिऱ्या पोरी.

त्या वर्षी उन्हाळा संपता संपता नदीकडच्या वस्त्यांतली मुलं उलट्या-जुलाबांनी आडवी पडायला लागली. बातम्यांत सांगितलं, हवाबदल. लोकांनी नळाच्या गढूळ पाण्याचे फोटो फोनवरून एकमेकांना पाठवले, तर ते फोटो गायब व्हायला लागले. मग शब्द गायब व्हायला लागले. ‘पाणी’ आणि ‘दवाखाना’ एका वाक्यात आले की वाक्य पुसलं जायचं, आणि लिहिणाऱ्याचं खातं बंद. कॉलेजातल्या पोरांनी डोकं लढवलं. शब्द उलटे लिहिले, मध्ये ठिपके घातले, पाण्याऐवजी ‘आजीचं औषध’ म्हणायला सुरुवात केली. एकानं तर पाककृती सांगायच्या नावाखाली वस्त्यांची नावं सांगितली. प्रत्येक युक्ती दिवसभर टिकायची. संध्याकाळपर्यंत ती सरकारच्या यंत्राच्या पचनी पडलेली असायची, आणि युक्ती काढणाऱ्याच्या दारात गाडी उभी असायची.

खळीला हे सगळं चादरींवरून कळलं होतं. लहान मुलांच्या वॉर्डातल्या छोट्या चादरी आधी एका गाठोड्यात मावायच्या, आता गाड्याच्या गाड्या यायला लागल्या. शिवाय धुलाईखान्याच्या खिडकीबाहेर डॉक्टर सिगारेट ओढायला यायचे आणि बहिऱ्या पोरींसमोर खुशाल बोलायचे. ओठ वाचता येतात हे त्या शहाण्यांच्या गावीही नव्हतं. शुद्धीकरण केंद्र बंद पडलंय, नदीचं पाणी तसंच नळात सोडलंय, आणि हे वर कळवलं तर वरून गप्प बसायला सांगितलं, एवढं तिला आठवडाभरात समजलं.

तिनं रुग्णालयाच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींसमोर उभं राहून एक व्हिडिओ काढला. तोंडाला मास्क, डोक्याला कामावरची टोपी. हातांनी तिनं सगळं सांगितलं. नळाचं पाणी पिऊ नका, उकळलं तरी लहान मुलांना देऊ नका, अमुक वस्त्यांनी जास्त जपा. आवाज नाही, अक्षर नाही. सरकारच्या यंत्राला त्यात काहीच सापडलं नाही आणि व्हिडिओ राहिला. दुसऱ्या दिवशी राहिला, तिसऱ्या दिवशीही राहिला.

हे कॉलेजातल्या पोरांच्या ध्यानात आलं. ही काय म्हणतेय, म्हणून त्यांनी बहिऱ्या पोरांना गाठलं, आणि जन्मात कधी ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं त्यांच्यापुढे शिकायला बसली. महिनाभरात शहरातली तरणी पोरं हातांनी बोलायला लागली. कोणी नाचाच्या व्हिडिओत मध्येच दोन खुणा घालायचं, कोणी केस विंचरता विंचरता तिसरी. बसथांब्यावर एक मुलगी दुसरीला लांबूनच विचारायची, तुमच्याकडे पाणी कसं? दुसरी सांगायची, अजून वाईट. शेजारी पोलीस उभा असायचा, त्याला वाटायचं माशा हाकलतायत. पोरं सरकारच्या नाकावर टिच्चून भर रस्त्यात बोलत होती आणि सरकारला ऐकू येत नव्हतं. शहरात बहिरं कोण आहे ते एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच सगळ्यांना कळलं.

बाईंनी तो पहिला व्हिडिओ पाहिला आणि हात बघताच ओळखलं. कोणाची पोर कशी चालते हे पाठमोरंही कळतं, तसंच ते. त्यांना अभिमान वाटला आणि धास्तीही. त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. रोज संध्याकाळी गोलात उभ्या राहून, वृत्तनिवेदक म्हणायचा ते त्या सांगत राहिल्या. पाणी स्वच्छ आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका. पाणी स्वच्छ आहे.

एका रात्री जेवताना खळीनं ताटावर चमचा आपटला. बाईंनी मान वर केली.

“आज पुन्हा सांगितलंस,” खळी हातांनी म्हणाली. “पाणी चांगलं आहे म्हणून.”

“मी नाही सांगितलं. तो बातम्या वाचणारा म्हणाला. मी मधली.”

“कोपऱ्यावरचे पॉलिशवाले आजोबा आज वॉर्डात आले. मी विचारलं, नळाचं का प्यायलात? म्हणाले, टीव्हीवर तुझ्या आत्यानं सांगितलं. बातम्या वाचणारा त्यांना ऐकूच येत नाही, आत्या. त्यांच्यासाठी तूच म्हणालीस.”

बाईंनी ताट बाजूला सारलं.

“त्यांनी माझाही व्हिडिओ पाहिला होता,” खळी म्हणाली. “पण माझं तोंड झाकलेलं, तुझं उघडं. म्हातारी माणसं कोणाचं खरं मानतील? आणि आपलं अर्धं बोलणं तर चेहऱ्यातच असतं. उद्यापासून मी मास्क काढणार.”

“वेडी झालीस का? घरातून उचलून नेतील!”

“मग तू उद्या खरं सांग. तू सांगितलंस तर मला काढावा लागणार नाही.”

भाऊ आणि वहिनी घास हातात धरून दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई गोलात उभ्या राहिल्या. निवेदक म्हणाला, पाणी स्वच्छ आहे, आणि बाईंनीही तेच सांगितलं. त्याच सुमारास गच्चीवर खळीनं मास्क काढून खिशात घातला.

तिच्या उघड्या चेहऱ्याचा व्हिडिओ असा पसरला की आधीचे सगळे झक मारतील. पोरीच्या चेहऱ्यावर राग होता, हनुवटीवर खळी होती, आणि डोळ्यांत पाणी होतं ते लपवायची तिनं तसदी घेतली नव्हती. ज्यांना एक खूण कळत नव्हती तेही तिच्याकडे बघत बसले. मग मात्र सरकारलाही शंका आली.

चारेक दिवसांनी बाईंना टीव्ही केंद्राच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. इतकी वर्षं त्या इमारतीत काढून बाई तिथं कधी गेल्या नव्हत्या. लांबलचक खोली, रांगेनं मांडलेले संगणक, आणि त्यांच्यापुढे खळीच्याच वयाची पोरं-पोरी लोकांचं काय पुसायचं ते शोधत बसलेली. साहेब तरुण होते, अगदी मृदू बोलायचे. खुर्ची दिली, चहा मागवला.

“आमच्या यंत्राला शब्द कळतात, आवाज कळतो,” ते हसून म्हणाले. “हात हलले की त्याला वाटतं व्यायाम चाललाय. तुम्ही एवढं बघून सांगा, ही मुलगी काय म्हणतेय?”

पडद्यावर खळी बोलायला लागली. बाईंनी तो व्हिडिओ अनेकदा पाहिला होता. आयुष्यभर त्यांच्या कानावर किंवा डोळ्यावर जे पडलं ते दुसऱ्या बाजूनं तसंच बाहेर आलं होतं. नळ सोडावा इतकं ते आपोआप व्हायचं. आता पहिल्यांदाच त्यांनी तो नळ हातानं पिळून बंद केला.

“डाग,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“चादरींवरचे डाग कसे काढायचे ते सांगतेय. धुलाईखान्यातली दिसतेय. म्हणते, आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात डाग पक्का बसतो. मग साबण.”

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. “डाग सांगताना रडतेय का?”

“दिवसभर साबणाच्या वाफेत काम असतं हो. डोळे चुरचुरतात.”

“आणि हे एवढे लोक बघतात?”

“आमच्यात करमणूक कमी असते, साहेब.”

साहेब हसले. मान डोलावून म्हणाले, ठीक आहे, तुम्ही निघा. बाई जिन्यानं खाली आल्या. खालच्या दारात त्यांना डावखुरा भेटला. हा त्यांचा शिष्य, सगळ्यांत हुशार. डाव्या हातानं बोलायचा म्हणून त्याची खूणही तीच. सुट्टीच्या दिवशी बाईंच्या जागी गोलात तोच उभा राहायचा.

“काय रे, आज इकडे कुठे?”

“वर बोलावलंय, बाई. काहीतरी भाषांतर आहे म्हणे.” तो लिफ्टपाशी उभा राहिला.

आपलं भाषांतर तपासायलाच याला बोलावलंय, हे बाईंना एका क्षणात कळलं. पहारेकरी दोन पावलांवर होता, पण त्याचं काय? छातीशी धरलेल्या हाताची दोन बोटं हलवली असती तरी डावखुऱ्यानं वाचलं असतं. ‘डाग म्हण’ एवढंच सांगायचं होतं. पण त्या मुलाला त्यांनी एकच धडा पुन्हा पुन्हा घोटून शिकवला होता, आणि त्याला खोटं सांग म्हणायला त्यांची बोटं उचललीच नाहीत. स्वतः खोटं बोलून त्यांना अजून पाच मिनिटं झाली नव्हती, त्याचीच लाज चेहऱ्यावर होती. दुसऱ्या कोणी बाईनं जागच्या जागी सांगितलं असतं. बाई नुसत्या उभ्या राहिल्या, लिफ्टचं दार बंद झालं, आणि डावखुरा नेहमीसारखं हसत वर गेला.

त्यानं वर काय सांगितलं हे वेगळं सांगायला नको. शब्दन् शब्द खरा सांगितला. बाई आधी तिथं येऊन गेल्या हे त्या बिचाऱ्याला कोणी बोललंच नव्हतं. आपलं भाषांतर बाईंच्या पसंतीला उतरेल ना, एवढीच त्याला काळजी.

दुसऱ्या दिवशी खळीला यंत्रांच्या मधून ओढून नेलं. बाईंना घ्यायला वेगळी गाडी आली. ज्या खोलीत त्यांना नेलं तिथं एक टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीला एक कॅमेरा होता. खळी खुर्चीत बसली होती, हात पाठीमागे बेडीत अडकवलेले. कोपऱ्यात डावखुरा बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि तो बाईंकडे बघत नव्हता.

“तिचे हात सोडा,” बाई म्हणाल्या.

“मारामारी करते,” साहेब म्हणाले.

“अहो, ती बोलणार कशानं?”

साहेब खरोखरच चमकले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. बेडी निघाली. खळीनं मनगटं चोळली आणि आत्याकडे पाहिलं.

“दोघांनी दोन सांगितलं, बाई,” साहेब अजूनही मृदूच बोलत होते. “याचं खरं निघालं. ही तुमची भाची आहे हेही कळलं. मी समजू शकतो. पण असली योजना धुलाईखान्यातल्या पोरीच्या डोक्यातून निघत नसते. मागे कोणीतरी मोठं असणार. तिला विचारा, कोण? त्या एका माणसाचं नाव द्या आणि हिला घरी घेऊन जा. तिचं बोलणं तुम्ही सांगा, हा बघेल तुम्ही बरोबर सांगताय का.”

बाईंनी विचारलं. खळीनं ताठ बसून हात उचलले. “त्याला सांग, मागे कोणी नाही. मी केलं. बोलले मी, शिकवलं मी. पाणी घाण आहे. आणि सांग, त्यानंही पिऊ नये, त्याच्या घरी लहान मुलं असतील.”

बाई साहेबांकडे वळल्या. त्यांचा आवाज स्वच्छ होता, बातम्यांतल्यासारखा.

“ती म्हणते, हे सगळं मला आत्यानं करायला लावलं. काय बोलायचं ते आत्या सांगायची. मास्क काढला तोही आत्यामुळे.”

साहेबांनी हळूच डावखुऱ्याकडे मान वळवली. “बरोबर आहे?”

डावखुऱ्यानं आता बाईंकडे पाहिलं. बाईंचे हात मांडीवर स्तब्ध होते. एक बोटही त्यांनी हलवलं नाही, आणि तरी त्याला काय सांगायचं ते कळलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “असंच म्हणाली ती.”

बाईंचे ओठ खळीला पूर्ण वाचता आले नव्हते, कारण त्या अर्धवट पाठमोऱ्या होत्या. पण ‘आत्या’ हा शब्द तिला पाळण्यातून ठाऊक होता, आणि तो तीनदा तिच्या नजरेला पडला. ती उठली. दोन्ही मुठी टेबलावर हाणून तिनं तोंडानं आवाज काढला. शाळेत पोरं हसली म्हणून जो आवाज तिनं कायमचा गिळून टाकला होता, तो बाहेर आला. त्यात शब्द नव्हता, पण अर्थ कळायला दुभाष्याची गरज पडू नये. साहेबांना मात्र पडली.

“पश्चात्ताप होतोय बिचारीला,” ते म्हणाले. “घरच्या माणसाचं नाव घ्यायचं म्हणजे सोपं नाही.”

त्या संध्याकाळी खळीला सोडलं आणि बाईंना आत ठेवलं. बातम्यांत बाईंचा फोटो आला. अफवांमागची सूत्रधार अटकेत. गोलात डावखुरा उभा होता. भाऊ आपल्या लाकडाच्या धुळीनं भरलेल्या कपड्यांनिशी टीव्हीसमोर बसून बहिणीची बातमी त्याच्या हातांतून वाचत होता. डावखुऱ्यानं काही गाळलं नाही. बातमी संपल्यावर भाऊ तसाच बसून राहिला, आणि वहिनीनं दिवा लावला-विझवला, लावला-विझवला, तरी त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढचं सगळं वाईटच आहे. सरकारनं यंत्राला हात ओळखायला शिकवलं, आणि त्यासाठी लागणारे व्हिडिओ पोरांनीच हौसेनं भरपूर पुरवले होते. कॉलेजातली पुष्कळ पोरं उचलली गेली. पॉलिशवाले आजोबा गेले. बसथांब्यावर मुलं आता हात खिशात घालून उभी राहतात, भर उन्हाळ्यातसुद्धा. नळाला येणारं पाणी तेच आहे.

बाईंना भेटायची परवानगी मिळाली तेव्हा पावसाळा संपत आला होता. भेटीच्या खोलीत जाड काच, अलीकडे-पलीकडे एकेक फोन, आणि प्रत्येक खिडकीत माणसं त्या खरखरत्या फोनमध्ये घसा ताणून ओरडत असतात. या दोघींना त्या फोनची गरज नव्हती. तुरुंगात काचेपलीकडे मनमोकळं बोलता येणाऱ्या त्या दोघीच. पहारेकरीण मागे उभी राहून कंटाळून बघत होती.

बाईंनी घाईघाईनं सगळं विचारलं. भाऊ जेवतो का? वहिनीचा गुडघा? तुझी नोकरी? नोकरी गेली होती, ते बाईंना ठाऊकच होतं. खळीनं थोडक्यात उत्तरं दिली आणि मग हात उंच धरून आत्याला थांबवलं.

“त्या दिवशी खोलीत मी काय म्हणाले होते?”

बाईंनी मागे पहारेकरिणीकडे पाहिलं.

“सांग. जसंच्या तसं.”

बाईंच्या हातांनी सांगितलं. मी केलं. मागे कोणी नाही. पाणी घाण आहे. त्यानंही पिऊ नये. एक खूण इकडची तिकडे झाली नाही.

“आणि तू त्याला काय सांगितलंस?”

“तुला घरी जाता यावं म्हणून, बाळा.”

“शाळेत शिक्षक माझ्या वतीनं बोलायचे. दवाखान्यात डॉक्टर आईशी नाही, तुझ्याशी बोलायचे. बसमधल्या परक्या बायकासुद्धा माझं तिकीट मला न विचारता मागायच्या. जन्मभर सगळे माझं बोलत आलेत, आत्या. तू तेवढी नव्हतीस त्यांच्यात.” खळीचे हात भराभर चालत होते. “एकदाच मी सरकारच्या तोंडावर काही म्हणाले. ते कुठं गेलं?”

“तू सुटलीस ना?”

“तुझी भाची सुटली. मी जे बोलले ते त्या खोलीतच पडलंय.”

बाईंना रडू आलं, पण रडत बोलता येत नाही, समोरचे हात दिसत नाहीत, म्हणून त्यांनी डोळे पुसले. त्या म्हणाल्या, “मला ठेवू दे गं एवढं. म्हाताऱ्या बाईला किती दिवस ठेवतील?”

“सुनावणी परवा आहे. मी येणार आहे. न्यायाधीशांसमोर उभी राहून सगळं माझं होतं म्हणून सांगणार. डावखुराच दुभाषा असेल. मी त्याच्या घरी गेले होते. तो दारातच रडायला लागला. म्हणाला, या वेळी तू म्हणशील तेच सांगेन.”

“म्हणजे तो त्या दिवशी खोटं बोलला हेही उघड होईल! तुम्ही दोघंही आत जाल. आणि मी सुटणार नाही ते नाहीच. माझं सगळं फुकट जाईल!”

“जाईल,” खळी म्हणाली.

“तुझ्या बाबाला कोण आहे? आईला?”

“त्यांना विचारून आलेय.”

बाईंनी काचेवर तळहात आपटला. पहारेकरीण खेकसली. खळीनं पुन्हा हात उचलले, आणखी काही सांगायला.

बहिऱ्यांच्या घरात भांडणाचं शेवटचं हत्यार एकच असतं, डोळे मिटून घ्यायचे. मग समोरच्यानं कितीही हात हलवू देत, दिवे लावू देत, काही उपयोग नाही. भाऊ लहानपणी हे हमखास करायचा आणि आईचा मार खायचा. बाईंनी ते कधी केलं नव्हतं. ज्याला ऐकू येतं त्यानं डोळे मिटणं म्हणजे शुद्ध फसवणूक, असं त्यांना वाटायचं. आता त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.

काचेवर थाप पडली. मग बऱ्याच पडल्या. शेजारच्या खिडकीत कोणीतरी ‘गोळ्या वेळेवर घे’ म्हणून ओरडत होतं, पलीकडे एक लहान मूल किरकिरत होतं, बाईंना सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. थापा थांबल्या तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. वेळ संपल्याची घंटा झाली, खुर्च्या सरकल्या, माणसं उठून गेली. बाईंनी डोळे उघडले तेव्हा समोर कोणी नव्हतं.

पहारेकरिणीनं त्यांना दंडाला धरून उठवलं. तिलाही आता थोडी उत्सुकता वाटायला लागली होती.

“शेवटी किती वेळ हात हलवत होती ती पोरगी,” ती म्हणाली. “काय सांगत होती एवढं?”

“माहीत नाही,” बाई म्हणाल्या.